गायक हयात नाही, आवाज मात्र त्याचाच: संगीतकाराच्या हातातलं नवं तंत्र समजून घेताना

जानेवारी २०२४ मध्ये 'लाल सलाम' या तमिळ चित्रपटातलं 'थिमिरी येळुदा' हे गाणं आलं आणि ऐकणारे चक्रावले. गाण्यात बंबा बाक्या आणि शाहुल हमीद यांचे आवाज होते. बाक्या २०२२ मध्ये गेले, हमीद तर १९९७ मध्येच. संगीतकार ए. आर. रहमान यांनी स्वतःच खुलासा केला: आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने घडवले आहेत, दोन्ही कुटुंबांची परवानगी घेतली आहे, मोबदलाही दिला आहे.

हा विषय चेन्नईपुरता राहिलेला नाही. नागपुरात धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दरवर्षी नवी भीमगीतं निघतात, मारबतीच्या मिरवणुकीसाठी गाणी बनतात, गणपतीत मंडळं स्वतःचं गाणं करून घेतात, निवडणूक लागली की प्रचारगीतं. ही गाणी बहुतेक वेळा एखाद्या घरातल्या दहा बाय बाराच्या खोलीत ध्वनिमुद्रित होतात. आणि आता त्या खोलीत मागणी येते: 'अमक्या गायकाच्या आवाजात करून द्या ना, आता तर सगळं होतं म्हणे.'

काय होतं, कसं होतं आणि कुठे फसतं, ते पायापासून पाहू. गाण्याचं शिक्षण नसलं तरी चालेल.

प्रारंभिकच्या पुस्तकातली तीन लक्षणं

गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिकसारख्या सुरुवातीच्या परीक्षांना बसलेल्या मुलांनी हे पाठ केलेलं असतं. नादाची लक्षणं तीन: उंच-नीचता, लहान-मोठेपणा आणि जात. पहिली दोन लगेच समजतात. स्वर वरचा की खालचा, आवाज मोठा की बारीक. जात जरा अवघड. पेटी, बासरी आणि माणसाचा गळा यांनी एकाच पट्टीत, एकाच जोराने षड्ज (सा) लावला, तरी डोळे मिटून आपण सांगतो कोण कोणतं. ही ओळख म्हणजे जात.

ती कशातून येते? कुठलाही स्वर म्हणजे एकटं कंपन नसतं. पुरुष गायकाने काळी एकचा, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीचा, षड्ज लावला की सेकंदाला साधारण १३९ कंपनं होतात, पण त्याच वेळी २७८, ४१७, ५५६, ६९५ अशी पटीतली कंपनंही उमटतात. त्यांना उपस्वर म्हणतात. कुठला उपस्वर किती जोरात आणि क्षणाक्षणाला तो कसा बदलतो, यावर जात ठरते. गळ्याची लांबी, टाळूचा घुमट, नाकातली पोकळी हे मिळून काही उपस्वर फुलवतात, काही दाबतात. म्हणून दोन माणसांचे आवाज सहसा सारखे नसतात.

तंबोरा छान जुळला की खर्जाच्या तारेतून कोणी न छेडलेला गांधार (ग) ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तो त्या तारेचा पाचपट कंपनांचा उपस्वर. त्याला लक्षात ठेवा, पुढे तो की-बोर्डला अडवणार आहे.

गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांतलं संगीताचं बहुतेक तंत्रज्ञान एकाच कामात गुंतलं आहे: एकत्र जन्मलेल्या गोष्टी सुट्या करणं. आधी वादकाची बोटं वाद्यापासून सुटी झाली. मग वाद्याचा आवाज वादकापासून. आता गळ्याची जात गायकापासून सुटी होते आहे. हे सुटे भाग पुन्हा जोडून गाणं उभं करणं, हे आजच्या संगीतकाराचं काम.

आवाजाचे आकडे होतात म्हणजे काय

नागपूरच्या तापमानाचा आलेख काढायचा आहे असं समजा. दर तासाला थर्मामीटर वाचला, ठिपके मांडले, जोडले की दिवसाची चढउतार दिसते. पण कोणी रोज फक्त दुपारी ३ वाजताच वाचला, तर त्याला वाटेल की मे महिन्यात इथे चोवीस तास ४५ अंश असतात. वाचन किती वेळा करायचं, हे बदल किती वेगाने होतो त्यावर ठरतं.

आवाजाचंही तसंच. माईक हवेचा दाब विजेत बदलतो आणि यंत्र तो सेकंदाला हजारो वेळा मोजून आकडे लिहितं. माणसाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंत ऐकू येतं आणि त्यासाठी दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं. म्हणून सीडीसाठी ४४,१०० आणि चित्रफितीसाठी ४८,००० हे आकडे ठरले. प्रत्येक मोजणी किती बारीक, हे बिटवर अवलंबून. १६ बिटमध्ये ६५,५३६ पायऱ्या मिळतात, २४ बिटमध्ये १ कोटी ६७ लाखांहून जास्त.

याचा व्यवहारातला अर्थ एवढाच: २४ बिटवर मुद्रण करा आणि पातळी कमी ठेवा. गाण्यातला सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहू द्या. आवाज शून्याच्या वर गेला की लाटेचे शेंडे कापले जातात आणि कापलेला शेंडा नंतर नीट परत येत नाही. पातळी कमी असेल तर वाढवता येते.

दुसरी अडचण उशिराची. संगणक आकडे एकेक करून घेत नाही, मूठभर जमले की उचलतो. ही मूठ २५६ आकड्यांची असेल तर ४८,००० च्या वेगाने ती भरायला ५.३ मिलिसेकंद लागतात. जाताना एक मूठ, येताना एक, वर थोडा इतर वेळ. गायकाला स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये १२ मिलिसेकंद उशिरा येतो. हवेत आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे हे तबलजीला चार मीटर दूर बसवण्यासारखं झालं. एवढं खपतं. उशीर २५ मिलिसेकंदांच्या पुढे गेला की गायक नकळत लयीत मागे ओढला जातो आणि सगळे त्याला दोष देतात. म्हणून मुद्रणाच्या वेळी मूठ ६४ किंवा १२८ ची ठेवायची आणि मिक्सिंगला, म्हणजे मुद्रित आवाज एकत्र जुळवायला, बसल्यावर ५१२ किंवा १०२४ करायची, कारण तेव्हा उशिराने बिघडत नाही आणि संगणकाला श्वास मिळतो.

मिडी: वाजत नसलेली वही

१९८३ मध्ये मिडी आली. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी हे तिचे मुख्य शिल्पकार. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांनी एकमेकांचं ऐकावं म्हणून ठरवलेली ही भाषा.

मिडीत आवाज नसतो, ही पहिली गोष्ट समजली की अर्धा गोंधळ मिटतो. भातखंडे पद्धतीच्या स्वरलिपीची वही जशी, तशी ती. वही वाजत नाही, वहीवरून कोणीतरी वाजवतं. फरक इतकाच, की या वहीत पट्टी कोणती दाबली याबरोबर किती जोराने दाबली (१ ते १२७ मध्ये) आणि नेमकी कधी सोडली हेही लिहिलेलं असतं. पेटीच्या मधल्या सप्तकातली काळी एक म्हणजे मिडीत ६१. पाच मिनिटांच्या गाण्याची ही वही काही किलोबाइटांत मावते. तेच गाणं २४ बिटमध्ये, दोन कानांसाठी वेगळं मुद्रित केलं तर सुमारे ८६ मेगाबाइट होतं.

फायदा कुठे? गायिका आली आणि म्हणाली, 'आज गळा बसलाय, काळी चार नको, काळी तीन द्या.' वहीतल्या प्रत्येक क्रमांकातून २ वजा केले की सगळा वाद्यमेळ खाली येतो. तालवाद्यांच्या रांगेला मात्र हात लावायचा नाही. तिथे प्रत्येक क्रमांक म्हणजे वेगळं वाद्य असतं, त्यातून २ वजा केले तर झांजेच्या जागी भलतंच काही वाजू लागतं. नव्याने शिकणाऱ्यांची ही ठरलेली चूक.

दुसरी चूक जास्त नुकसान करते. सॉफ्टवेअरमध्ये पुढेमागे पडलेले ठोके आखलेल्या रेघांवर नेऊन बसवायची सोय असते. ती शंभर टक्के लावली की भजनी ठेक्याचा जीव जातो. केरव्याला जो झोका येतो तो काही मात्रा किंचित उशिरा पडल्यामुळे येतो. रेघेवर बसवला की तो झोका गेला. तोल साधायचा असेल तर ५० ते ६० टक्के लावा आणि समेचा, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेचा, ठोका जिथे पडला तिथे राहू द्या.

दोन पट्ट्यांमधली जागा

आता तो गांधार. की-बोर्डवर सप्तकाचे १२ सारखे भाग केलेले असतात. प्रत्येक भाग म्हणजे एक अर्धस्वर. त्याचे १०० सूक्ष्म भाग मानतात, त्यांना सेंट म्हणतात. षड्जापासून की-बोर्डचा शुद्ध गांधार ४०० सेंटवर. तंबोऱ्यातून येणारा स्वयंभू गांधार ३८६ वर. मध्ये १४ सेंटची फट. पंचमात (प) ही फट फक्त २ सेंटची आहे, म्हणून पंचम खटकत नाही. गांधार खटकतो, विशेषतः तंबोरा चालू असताना दोन्ही गांधार एकमेकांवर आदळून आवाज थरथरतो तेव्हा.

हा वाद जुना आहे. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, तिच्यामागे हेच कारण होतं: पेटीला मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणं) नाही, श्रुती (स्वरांमधल्या सूक्ष्म जागा) नाहीत. ती बंदी सत्तरच्या दशकात सैल झाली, तोवर पेटी मैफलीत पक्की बसलेली होती. आक्षेप चुकीचा नव्हता. पेटीवाल्यांनी वाद्याची मर्यादा ओळखून वाजवण्याची पद्धत घडवली, म्हणून ती टिकली.

मिडीत यावर उपाय आहे. स्वर वाकवण्याच्या चाकाला १६,३८४ पायऱ्या असतात, मध्य ८१९२. चाक दोन्ही बाजूंना दोन-दोन अर्धस्वर वाकेल असं ठेवलं तर गांधार १४ सेंट उतरवण्यासाठी ५७३ पायऱ्या खाली यायचं. बारीकपणाला कमी नाही. अडतं दुसरीकडेच. एक, षड्जापासून पंचमापर्यंत मींड घ्यायची तर सात अर्धस्वर लागतात, त्यामुळे पल्ला १२ चा करावा लागतो, आणि पाठवणाऱ्या व ऐकणाऱ्या दोन्ही वाद्यांत तो सारखाच लावावा लागतो. एकीकडे १२ आणि दुसरीकडे २ राहिलं तर मींड भलत्याच स्वरावर जाऊन थांबते. दोन, हे चाक मिडीच्या त्या मार्गावरचे (चॅनेलवरचे) सगळे स्वर एकदम वाकवतं. षड्ज धरून वर गांधार हलवायचा म्हटलं तर षड्जही हलतो.

म्हणून संगीतकार पट्ट्याच नसलेल्या वाद्यांकडे वळले. कंटिन्यूअम नावाच्या वाद्यात पट्ट्यांऐवजी सलग मऊ पृष्ठभाग असतो. बोट सरकवलं की स्वर सरकतो, दाबलं की फुगतो. रहमान यांनी 'दिल्ली-६' (२००९) मधल्या 'रेहना तू' या गाण्याच्या शेवटी ते वाजवलं आहे. कानात हेडफोन घालून तो तुकडा ऐकावा. आपल्या कानाला सारंगीजवळचं काहीतरी जाणवतं आणि सारंगी तर ती नाहीच. प्रत्येक बोटाच्या स्वराला स्वतंत्र वाकवता येईल अशी मिडीची जोड २०१८ मध्ये अधिकृत झाली. आता तशी लहान वाद्यंही मिळतात.

आणि हे सगळं बाहेरून आलेलं वेड आहे असं कोणी म्हणत असेल तर सांगायला हवं, की अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्येच मूग सिंथेसायझर (विजेने आवाज घडवणारं वाद्य) बसवला होता आणि मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये सिंथेसायझर आणि ताल-यंत्रांवर रागांची तबकडी केली होती.

खंजेरी यंत्रात कशी शिरते

तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे विदर्भात खंजेरीचा नाद घराघरांत आहे. पण बाजारात मिळणाऱ्या ध्वनिसंचांत (वाद्यांच्या मुद्रित आवाजांच्या संचांत) तबला, ढोलक, सतार मुबलक, आणि गुरुकुंज मोझरीच्या वळणाची खंजेरी शोधूनही सापडत नाही. मग परदेशी टॅम्बोरिनवर भागवलं जातं आणि गाणं ऐकणारा म्हातारा माणूस म्हणतो, काहीतरी चुकतंय. त्याचं बरोबर असतं. टॅम्बोरिनमध्ये झांजा पुढे असतात आणि कातडं मागे. आपल्या भजनात थाप पुढे आणि झांजेची किणकिण तिच्या पाठोपाठ.

हा संच स्वतः करता येतो. थापेचे चार प्रकार घ्या: मधली मोकळी, काठावरची, दाबलेली आणि नुसती झांज हलवणं. प्रत्येक प्रकार हळूपासून जोरात अशा पाच पायऱ्यांत. आणि प्रत्येक पायरीवर तीच थाप सहा वेळा. झाल्या १२० थापा. एका थापेचा नाद पूर्ण विरेपर्यंत तीन सेकंद धरले तर एकूण सहा मिनिटांचं मुद्रण, एका माईकवर जेमतेम ५२ मेगाबाइट. प्रत्यक्षात अख्खी दुपार जाते, कारण मध्येच कुत्रं भुंकतं, रिक्षा जाते.

तीच थाप सहा वेळा का, हा रास्त प्रश्न आहे. माणूस एकच थाप दोनदा हुबेहूब देऊ शकत नाही. यंत्र मात्र एकच ध्वनी जसाच्या तसा पुन्हा वाजवतं आणि चौथ्या-पाचव्या ठोक्याला कान तो पकडतो. सहा थापा आळीपाळीने वाजल्या की फसगत टळते. हळू थाप म्हणजे जोरातल्या थापेचा आवाज कमी केलेला, असंही नसतं. हळू थापेत वरचे उपस्वर उमटतच नाहीत, तिची जातच निराळी. म्हणून पाच पायऱ्या.

इथे वाद्याचा आवाज वादकापासून सुटा झाला. ज्याच्या थापा घेतल्या त्या भजनकऱ्याला किती पैसे दिले आणि कशासाठी, हे त्याच दिवशी कागदावर लिहून घ्यावं. पुढच्या शंभर गाण्यांत त्याचा हात वाजणार आहे.

गळ्याची जात उचलणारं यंत्र

आता मूळ प्रश्नाकडे. दोन वेगळ्या गोष्टींची इथे नेहमी गल्लत होते. एका प्रकारात तुम्ही शब्द टाइप करता आणि यंत्र चाल, वाद्यमेळ, आवाज सगळं मिळून तयार गाणं देतं. दुसऱ्या प्रकारात आधी एक माणूस खरंच गातो आणि त्याच्या गाण्यावर दुसऱ्याच्या गळ्याची जात चढवली जाते. आपल्याकडची 'अमक्याच्या आवाजात' ही मागणी या दुसऱ्या प्रकारची. नागपूरकरांसाठी सांगायचं तर पोहे आधी नीट करावे लागतात, तर्री त्यावर ओतायची असते. कच्च्या पोह्यांवर कितीही चांगली तर्री घातली तरी ते कच्चेच लागतात.

काम साधारण असं चालतं. ज्या गळ्याची जात हवी त्याचं स्वच्छ गाणं किंवा बोलणं गोळा करायचं. दहा-पंधरा मिनिटांत ओळखू येण्याइतपत आवाज होतो, पण सगळे स्वर, हळू आणि मोठा लगाव, सगळी अक्षरं यायला तास-दोन तासांचं साहित्य लागतं. जुन्या गायकाचं नुसतं गाणं वेगळं मिळत नाही, म्हणून आधी दुसऱ्या सॉफ्टवेअरने गाण्यातून वाद्यं बाजूला काढतात. मग त्या आवाजाचे काही सेकंदांचे तुकडे करून यंत्राला शिकवतात. या शिकलेल्या यंत्राला मॉडेल म्हणतात.

यानंतर येतो गाईड गायक, म्हणजे जो प्रत्यक्ष गाणं गातो तो. त्याच्या गाण्यातून यंत्र तीन गोष्टी काढून घेतं: स्वराची रेषा कशी चढली-उतरली, अक्षरं कोणती उच्चारली आणि जोर कुठे दिला. उंच-नीचता, लहान-मोठेपणा आणि शब्द गाईडचे राहतात. जात तेवढी काढून टाकली जाते आणि तिथे दुसऱ्याची बसवली जाते. प्रारंभिकच्या पुस्तकातली तीन लक्षणं इथे अक्षरशः सुटी झाली.

म्हणून यंत्र गायकाला परत आणत नाही. हरकत (स्वरांची छोटी नक्षी) कुठे घ्यायची, श्वास कुठे सोडायचा, कुठल्या शब्दावर थांबायचं हे सगळं गाईडचं. गाईडने त्या गायकाची गायकी अभ्यासलेली नसेल तर आवाज ओळखीचा आणि गाणं परकं, असा विचित्र अनुभव येतो.

कुठे बिघडतं

यंत्र स्वराची रेषा दर १० मिलिसेकंदांनी एकदा वाचतं. सरळ स्वराला हे भरपूर. पण मुरकीतला (झटक्यात घेतलेल्या स्वरांच्या गुच्छातला) एखादा स्वर ४०-५० मिलिसेकंदांचाच असतो, त्याला चार-पाच वाचनं मिळतात. त्यावर रेषा गुळगुळीत करण्याची सोय चालू असेल तर मुरकी विरघळून मींडेसारखी होते. ती सोय बंद करा किंवा अगदी कमी ठेवा.

दुसरं, सप्तकाची उडी. गाईडच्या मुद्रणात मागे तंबोरा किंवा पेटी झिरपलेली असेल तर यंत्राला कळत नाही स्वर कोणाचा, आणि मध्येच आवाज एक सप्तक वर किंवा खाली उडतो. गाईडने बंद हेडफोन लावूनच गावं.

तिसरं, मराठी. इंग्रजी किंवा हिंदीवर वाढलेल्या यंत्राकडून 'ळ' चा 'ल' होऊ शकतो. 'चमचा' मधला च आणि 'चार' मधला च आपण वेगळे म्हणतो, 'जग' आणि 'जीव' मधले ज वेगळे. यंत्र दोन्हींना एकाच साच्यात घालू पाहतं. 'निळ्या' चं 'निल्या' झालेलं भीमगीत कोणी ऐकून घेणार नाही, आणि घेऊही नये. मॉडेलच्या साहित्यात ळ आणि दोन्ही प्रकारचे च, ज, झ असलेले मराठी तुकडे मुद्दाम घालावे लागतात.

चौथं, पल्ला. मूळ गायकाचं साहित्य मध्य सप्तकातलंच असेल आणि गाईड तारसप्तकात पंचमावर गेला, तर यंत्राकडे त्या उंचीवरची जात नसते. आवाज पातळ, पत्र्यासारखा होतो. चाल त्या गायकाच्या पट्टीत बांधणं हाच उपाय.

पाचवं, घुमणारी खोली. जुन्या मुद्रणात प्रतिध्वनी असेल तर यंत्र तोही गळ्याचाच भाग समजतं आणि नव्या गाण्यातही चिकटवतं. तो मग निघत नाही.

नवतपा, कूलर आणि स्वच्छ आवाज

वरचं सगळं स्वच्छ मुद्रणावर अवलंबून आहे आणि नागपुरात स्वच्छ मुद्रणाचा पहिला शत्रू म्हणजे कूलर. त्याची घरघर सलग असते, म्हणून नंतर काढता येईल असं वाटतं. काढताना स, श, ह ही अक्षरंही खरवडली जातात, कारण तीही घरघरीसारखीच असतात. उन्हाळ्यात, आणि नवतपात (मे अखेरच्या तापलेल्या नऊ दिवसांत) तर नक्कीच, सत्र पहाटे ५ ते ८ ठेवा, खोली आदल्या रात्री थंड करा आणि मुद्रणाच्या वेळी कूलर, पंखा दोन्ही बंद.

कूलरच्या ओलसर हवेत तबल्याची पुडी सैल होऊन उतरते, कूलर बंद करून तासाभराने कोरड्या हवेत पुन्हा चढते. म्हणजे कूलर बंद केल्यावर थोडा वेळ थांबून मगच तबला मिळवायचा. बासरी तापलेल्या हवेत वर चढते. पेटी जवळजवळ जागेवर राहते. मे महिन्यात तिघांना एका पट्टीत आणणं हे वेगळंच काम आहे.

माईक तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटर, मध्ये जाळी. कोपऱ्यांत जाड गोधड्या टांगल्या तरी खोलीचा घुमारा पुष्कळ कमी होतो. हेडफोनमध्ये सलग 'हूं' ऐकू आला तर तो ५० कंपनांचा विजेचा गुंजारव असतो. बहुतेकदा अर्थिंग नीट नसतं किंवा संगणक विजेच्या एका पाटीवर (बोर्डवर) आणि इंटरफेस (माईक संगणकाला जोडणारी पेटी) दुसऱ्या पाटीवर लावलेला असतो. दोन्ही एकाच पाटीवर घ्या. आणि लॅपटॉप तापला की आपला वेग कमी करतो, मग मुद्रणात टिकटिक येते. त्याच्याखाली हवा खेळू द्या.

मग रियाज कशाला, आणि वादकांचं काय?

रियाज लागतो, कारण गाईडला गावंच लागतं. बेसुरा गाईड म्हणजे ओळखीच्या आवाजातलं बेसुर गाणं. स्वर सुधारणारं सॉफ्टवेअर बेसुर स्वराला जवळच्या पट्टीवर नेऊन ठेवतं, पण भीमपलासीचा कोमल गांधार कुठे डोलायचा हे ते जाणत नाही.

वादकांबद्दलची भीती मात्र खरी आहे आणि ती झटकून टाकणं योग्य नाही. पूर्वी एका भक्तिगीताला सात-आठ वादक बसत, आज अनेक गाण्यांत एकटा की-बोर्डवाला सगळं करतो. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या रंगभूमीवर अजून रात्रभर वादक समोर बसून वाजवतात, कारण नटाने पद लांबवलं तर त्याच्या मागे जायला माणूस लागतो. मुद्रणातही निदान एक वाद्य खरं ठेवावं, असं माझं ठाम मत आहे. ताल यंत्राचा असेल तर बासरी किंवा व्हायोलिन माणसाचं घ्या. गाण्यातले उरलेले सगळे स्वर त्या एका माणसाच्या श्वासाभोवती बसतात आणि तो फरक ऐकू येतो.

परवानगी कोणाची घ्यायची?

'भक्तीसाठीच तर करतोय, पैसे कुठे कमावतोय' हे उत्तर पुरेसं नाही. एका गाण्यात तीन निरनिराळे हक्क असतात: चाल आणि शब्दांचा, ध्वनिमुद्रणाचा आणि गाणाऱ्या कलाकाराचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराच्या सादरीकरणाला ५० वर्षांचं संरक्षण आहे आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्याला नैतिक हक्कही दिले. जुनं ध्वनिमुद्रण फोडून मॉडेल शिकवलं तर मुद्रणाच्या मालकाचा प्रश्न येतोच.

त्याशिवाय आवाज ही माणसाची ओळख आहे. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या बाजूने अंतरिम आदेश देऊन परवानगीशिवाय त्यांचा आवाज बनवणाऱ्या साधनांना रोखलं. २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही याच न्यायालयाने तसं संरक्षण दिलं. नागपूर खंडपीठ याच न्यायालयाचं, त्यामुळे इथल्या स्टुडिओने हे आदेश दूरचे समजू नयेत.

दिवंगत कलाकारांबाबत कायदा कमजोर आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका प्रकरणात असं म्हटलं, की व्यक्तिमत्त्वाचे हक्क माणसाबरोबर संपतात, वारसाकडे जात नाहीत. म्हणून गेलेल्या गायकाचा आवाज मोकळा झाला, असा अर्थ काढणाऱ्यांनी एस. पी. बालसुब्रमण्यम यांच्या बाबतीत काय झालं ते पाहावं. त्यांचा आवाज एका तेलुगू चित्रपटात परवानगीविना घडवल्याबद्दल कुटुंबाने २०२४ मध्ये कायदेशीर नोटीस दिली. गायकाने कुठली गाणी नाकारली असती हे त्याच्या घरच्यांना माहीत असतं. सॉफ्टवेअरला विचारून ते कळत नाही.

परवानगी लेखी घ्यावी आणि ती एका गाण्यापुरती असावी. कोणतं गाणं, कोणते शब्द, कुठे वाजणार, किती काळ, मोबदला किती, हे तिच्यात हवं. प्रचारगीतासाठी वापरणार नाही हे वेगळ्या ओळीत लिहावं. गाणं झाल्यावर मॉडेल आणि त्यासाठी केलेले तुकडे पुसून टाकणार की कुटुंबाकडे सोपवणार, तेही. गाण्याच्या वर्णनात आवाज यंत्राने घडवला आहे हे पहिल्या ओळीत यावं. आणि त्याच ओळीच्या खाली गाईड गायकाचं नाव, कारण हरकती त्याच्या, श्वास त्याचा, गाणं त्याने गायलेलं आहे.